पाकिटातला जास्तीचा कप्पा कोणासाठी?

खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या पाकिटात आजकाल एक जास्तीचा कप्पा असतो. कुठे नळी चिकटवलेली, कुठे झाकणाखाली घडीचा काटा, कुठे मसाल्याची पुडी, कुठे खेळणं. माझं म्हणणं असं आहे की त्या कप्प्यात जे येतं ते खाणाऱ्याच्या गरजेचं असलं पाहिजे. विकणाऱ्याच्या गरजेचं असेल तर तो कप्पा नसलेलाच बरा. विषय लहान वाटेल, पण आमच्या घरात ऐंशी ओलांडलेले सासरे आहेत आणि सुट्टीला येणारी साडेपाच वर्षांची भाची आहे. या दोघांमुळे मी गेली काही वर्षं दुकानातली पाकिटं उलटसुलट करून बघायला लागले आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

कप्पा करायची अक्कल आपल्याला कोणा कंपनीने शिकवलेली नाही. स्टीलच्या डब्यात झाकणाची छोटी डबी असते, ती आपण सगळ्यांनी वापरलीय. पोळीच्या घडीवर ती डबी, डबीत लोणचं किंवा दाण्याची चटणी. का? तर लोणच्याचं तेल पोळीला लागू नये, शेजारच्या सुक्या भाजीला खाराचा वास लागू नये आणि दुपारी एक वाजता डबा उघडणाऱ्याला प्रत्येक गोष्ट आपापल्या चवीची मिळावी. मिसळ पार्सल घ्या. चांगला मिसळवाला रस्सा वेगळा बांधतो, मटकी वेगळी, फरसाण कागदात वेगळं, कांदा-लिंबू वेगळं, वर पाव. घरी येईपर्यंत अर्धा तास गेला तरी फरसाण कुरकुरीत राहतं. जो सगळं एकात ओतून देतो त्याच्याकडे आपण परत जात नाही. आणि भेळेच्या कागदात खोचलेली ती चपटी पुरी! तिनेच भेळ उचलायची आणि शेवटी तीच खायची. मागे चमचाही उरत नाही, कचराही उरत नाही. चौपाटीवर ही पद्धत कोणी पहिल्यांदा काढली त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण त्या माणसाने खाणाऱ्याचा विचार केला होता.

गोटी सोडा तर मला या सगळ्यात अव्वल वाटतो. ही बाटली मूळ इंग्लंडची. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. त्या काळात सोड्याला बूच लावत आणि बूच वाळलं की गॅस निघून जाई. कॉडने बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी कायमची ठेवून दिली आणि तोंडाशी आतून रबराचं कडं बसवलं. बाटली भरायची, उलटी करायची. आतला गॅस गोटीला रबरावर दाबून धरतो आणि बाटली आपोआप बंद होते. गॅस जितका जोरात तितकं झाकण घट्ट. म्हणजे ज्याला कोंडायचं तोच कुलूप लावतो. जुन्या सोडा फॅक्टरीत लोखंडी चौकटीत बाटल्या बसवून ती चौकट हाताने गरगर फिरवायचे, ते यासाठीच.

पण खरी हुशारी पुढे आहे. उघडताना अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळीने गोटी आत दाबली की ती खाली पडते. ती थेट तळाला गेली किंवा पिताना परत तोंडाशी आली तर पंचाईत. म्हणून बाटलीचा गळा दोन्ही बाजूंनी चिमटलेला असतो. त्या चिमट्यामुळे वर एक छोटी खोली तयार होते आणि गोटी तिथेच राहते. आत दोन खळगे असतात. बाटली त्या खळग्यांच्या बाजूने कलवली की गोटी तिथे अडकते आणि सोडा सुरळीत येतो. दुसऱ्या बाजूने कलवली तर गोटी घरंगळत येऊन तोंड बंद करते. आमच्या फलटणला उन्हाळ्यात गाडीवर गेलात तर बघा, सोडावाला बाटली हातात देताना बरोबर त्या बाजूने देतो. नवख्याला हे सांगावंही लागत नाही. जपानमध्ये रामुने नावाचं पेय अजून अशाच गोटीच्या बाटलीत मिळतं.

या बाटलीतल्या जास्तीच्या वस्तूने तीन कामं केली: गॅस कोंडला, बूच वाचवलं आणि बाटली परत भरायची सोय केली. प्यायलो की बाटली गाडीवर परत. गोटी घरी येत नाही आणि ती मिळावी म्हणून कोणी सोडाही पीत नाही. (लहानपणी फुटलेल्या बाटलीतली गोटी मिळाली तर आनंद व्हायचा हे खरं, पण तो आपला आनंद होता, दुकानदाराची योजना नव्हती.)

कपातल्या नूडल्सचंही कौतुक करायला हवं. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांच्या निस्सिन कंपनीने 1971 साली तो कप बाजारात आणला. अमेरिकेत गेलेले असताना तिथले लोक नूडल्सचा ठोकळा मोडून कॉफीच्या कपात घालतात आणि काट्याने खातात हे त्यांनी पाहिलं होतं. त्या कपात नूडल्सचा ठोकळा तळाला टेकत नाही, मधोमध अडकवलेला असतो. खाली पोकळी राहते. तिच्यामुळे वाहतुकीत ठोकळा मोडत नाही आणि ओतलेलं गरम पाणी खाली जाऊन सगळ्या बाजूंनी शिजवतं. तो रिकामा कप्पासुद्धा काम करतो. रोज खायचा पदार्थ तो नाही, माझ्या घरात तर नाहीच. पण रात्रीच्या प्रवासात ताट-वाटी नसलेल्या माणसाला पाणी आणि काटा मिळाला की जेवता येतं, हे मान्य करायला काय हरकत आहे?

आता ज्या कप्प्याबद्दल माझा जीव तुटतो, त्याकडे येते. खाऊबरोबर खेळणं.

ही चाल जुनी आहे. अमेरिकेत क्रॅकर जॅक नावाच्या मक्याच्या लाह्यांच्या खोक्यात 1912 पासून छोटी भेटवस्तू घालत. इटलीच्या फेरेरो कंपनीने 1974 मध्ये किंडर सरप्राइज काढलं. चॉकलेटचं पोकळ अंडं, त्याच्या पोटात प्लॅस्टिकची कुपी आणि कुपीत खेळणं. अमेरिकेत 1938 चा एक कायदा आहे, त्यानुसार मिठाईच्या आत न खाण्याची वस्तू दडवून विकता येत नाही. त्यामुळे हे अंडं तिथे कधी विकता आलं नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगेतूनसुद्धा ते काढून घेत. मग 2001 मध्ये इटलीतच किंडर जॉय आलं. प्लॅस्टिकच्या अंड्याचे दोन अर्धे भाग, दोन्ही वेगवेगळे बंद. एकात दुधाची आणि कोकोची क्रीम, त्यात दोन वेफरचे गोळे, सोबत चिमुकला चमचा. दुसऱ्यात खेळणं. उन्हाळ्यात चॉकलेटचं अंडं वितळतं, हे वितळत नाही, म्हणून उष्ण देशांसाठी ते सोयीचं. आणि खेळणं खाऊच्या आत नसून शेजारी असल्यामुळे 2017 च्या अखेरीस अमेरिकेतही त्याची विक्री सुरू झाली. दोन भागांमधल्या त्या पडद्याने कायद्याची वाट मोकळी केली.

सुरक्षिततेच्या दृष्टीने हा पडदा चांगलाच आहे, यात वाद नाही. 2017 मध्येच आंध्र प्रदेशातल्या एलुरूत चार वर्षांच्या एका मुलाने खाऊच्या पाकिटात आलेलं प्लॅस्टिकचं खेळणं गिळलं आणि तो दगावला. त्यानंतर पाकिटात सुटी खेळणी टाकण्याविरुद्ध आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने कंपन्यांना तंबी दिली. खाऊ आणि खेळणं वेगळं ठेवायचंच, हा किमान नियम झाला. पण मुलाच्या घशात खेळणं अडकलं नाही म्हणजे सगळं ठीक झालं, असं मला वाटत नाही.

माझी भाची दुकानात अशी अंडी बघते तेव्हा काय करते ते सांगते. या अंड्यांच्या नकलाही बाजारात पुष्कळ आहेत, तिच्या हातात असतं ते बहुतेक वेळा त्यांतलंच एक. ती ते कानाशी धरून हलवते. एक हलवते, दुसरं हलवते, आवाजावरून ठरवते. मग मला विचारते, "आत्या, ह्यात काय निघेल?" ते खायला कसं लागेल, असं तिने एकदाही विचारलेलं नाही. घरी आल्यावर खेळण्याची बाजू आधी फोडली जाते. चार तुकडे जोडून एक गाडी किंवा एक प्राणी होतो, संध्याकाळपर्यंत त्याचं एक चाक सोफ्याखाली जातं. खाऊची बाजू अर्धी चाटलेली, वरचं फॉइल परत दाबून फ्रिजच्या दारात ठेवलेली सापडते. मागची बारीक अक्षरं वाचली. वजन वीस ग्रॅम आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं. किंमत अर्धा लिटर दुधाच्या पिशवीपेक्षा जास्त.

म्हणजे मुलगी खेळणं विकत घेते आणि साखर तिला सोबत मिळते. खाऊ हाच इथे जास्तीचा माल झाला. ज्या कप्प्याने चटणी पोळीपासून वेगळी ठेवली, तोच कप्पा इथे मुलाला नको असलेली गोष्ट त्याच्या पोटात घालायला वापरला जातो. साडेपाच वर्षांच्या मुलीला जाहिरात आणि वस्तू यांतला फरक कळत नाही. तिच्याशी असा व्यवहार कोणी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

चिलीने याबाबत ठाम भूमिका घेतली. साखर, मीठ, चरबी ठरावीक प्रमाणाबाहेर असलेल्या पदार्थांबरोबर मुलांना आकर्षित करणारं खेळणं देता येणार नाही, असा नियम तिथे 2016 मध्ये लागू झाला आणि किंडर सरप्राइज दुकानातून गेलं. आपल्याकडे 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. चांगला नियम आहे. पण मूल शाळेत खरेदी करत नाही. ते खरेदी करतं आईबाबांसोबत, किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी, बिल होईपर्यंत उभं राहून. तिथे बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ही अंडी मांडलेली असतात. पन्नास मीटरचा नियम तिथपर्यंत पोहोचत नाही.

यावर मला दोन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं, "अहो, मुलांचा एवढासा आनंद कशाला हिरावता?" आनंद हिरावायचा नाही मला. जत्रेत भिरभिरं मिळतं, शिट्टी मिळते, लाकडी बैलगाडी मिळते, ती आम्ही हौसेने घेऊन देतो. खेळणं खेळणं म्हणून विका, आम्ही विकत घेऊ. खाऊ खाऊ म्हणून विका, चवीच्या जोरावर विकला जातो का ते बघा. दुसरं उत्तर आमच्या भागात हमखास येतं. फेरेरोचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत आहे, किंडर जॉय तिथे बनतं, आसपासच्या गावांतल्या माणसांना तिथे काम मिळालंय. फलटणहून बारामती फार लांब नाही, त्या कामाची किंमत मला कळते. घरात पगार येतो तेव्हा काय बदलतं ते मी जवळून बघितलंय. पण तीच यंत्रं, तेच हात खेळण्याशिवायचा खाऊही बनवू शकतात. रोजगारासाठी मुलांना आमिष दाखवलंच पाहिजे, असं मी मानायला तयार नाही.

आता सासऱ्यांची गोष्ट. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांना कंपवात आहे. गोळी अंगात असते तोवर हात बरा, तिचा असर उतरला की पेला तोंडापर्यंत जाताना निम्मा सांडतो. माणूस स्वाभिमानी आहे, दुसऱ्याने पाजलेलं आवडत नाही. त्यामुळे घराबाहेर त्यांचा आधार म्हणजे कागदी खोक्यातलं ताक किंवा रस. खोकं पडलं तरी सांडत नाही, नळी दातांत धरली की हात थरथरला तरी चालतो. (ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळी वापरू नये, ठसका लागू शकतो.)

ही खोकी स्वीडनच्या टेट्रा पॅक कंपनीची देणगी. 1951 मध्ये रुबेन राउसिंग यांनी ती कंपनी काढली. आपल्याकडे 1985 मध्ये फ्रूटी आली आणि खोक्याला नळी टोचून पिणं घरोघरी माहीत झालं. आता तर या खोक्यांचं साहित्य आपल्या पुण्याजवळ चाकणला तयार होतं. त्या खोक्याच्या पाठीवर पारदर्शक वेष्टनात तिरकी चिकटवलेली नळी हा अगदी साधा जोड आहे, पण अण्णांसारख्या माणसासाठी सगळी किंमत त्या जोडाची आहे. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, कुठेही खोकं घेतलं की नळी सोबत असते. मागावी लागत नाही.

1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यात नळ्या होत्या. काटे, चमचे, कानकोरणीच्या प्लॅस्टिकच्या काड्या, ढवळण्या, थर्माकोलची सजावट हेही होतं. आपल्या महाराष्ट्राने तर 2018 मध्येच सुरुवात केली होती. अमूल, पार्ले अ‍ॅग्रो अशा कंपन्यांनी मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. या बंदीच्या मी बाजूने आहे, स्पष्ट सांगते. नळी इतकी हलकी की कचरा वेचणाऱ्याला ती उचलून काही मिळत नाही, मग ती गटारात जाते, ओढ्यात जाते. बंदी हवीच होती.

पण बंदीनंतर खोक्यावर जे आलं त्याचा विचार कोणी केला? बहुतेक ठिकाणी कागदाची नळी आली. तुम्ही-आम्ही ते ताक दोन मिनिटांत संपवतो, आपल्याला फरक पडत नाही. अण्णांना वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात नळीचं टोक तोंडात भिजून चपटं होतं, ओढलं तरी काही येत नाही. त्याआधीची अडचण वेगळीच. खोक्यावरच्या फॉइलच्या भोकात नळी टोचताना ती थेट आणि जोरात जायला हवी. थरथरत्या हातातून ती तिरकी लागते आणि कागद मुडपतो. एकदा मुडपली की ती नळी गेली, खोक्याला दुसरी नसते. गेल्या महिन्यात दवाखान्यात रांगेत बसलो होतो. मी औषधांच्या खिडकीपाशी होते, परत आले तर अण्णा मुडपलेली नळी आणि न उघडलेलं खोकं मांडीवर ठेवून बसलेले. म्हणाले, "राहू दे गं, तहान नाही फारशी." भर दुपार होती. तहान नव्हती कशी?

इंग्लंडमध्ये 2020 च्या ऑक्टोबरात प्लॅस्टिकच्या नळ्यांवर बंदी आली. तेव्हा औषधांच्या दुकानांना त्या विकायची मुभा ठेवली आणि हॉटेलात गरजू माणसाने मागितली तर द्यायची सोय केली. अपंग माणसांच्या संघटनांनी तिथे हे लावून धरलं होतं. आपल्या नियमात कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकला सूट आहे, थरथरत्या हाताला नाही. कंपोस्ट होणारी नळी काही कंपन्या देतात, ती बरी टिकते. पण खोकं हातात घेईपर्यंत कळत नाही की पाठीवर कोणती नळी आहे. एकाच कंपनीच्या खोक्यावर एकदा ही असते, एकदा ती. घरी आम्ही सिलिकॉनची नळी वापरतो, उकळून घेता येते. स्टीलची आणली होती, पण हात कापतो तेव्हा ती हिरड्यांना टोचते. घरचं जमतं हो. बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न आहे.

खोक्याला फॉइलच्या भोकाऐवजी ओढून काढायची पट्टी देता येते. तसं तंत्र आहे, बाजारात वापरातही आहे. स्क्रूचं झाकण असलेली लहान खोकीही निघतात. तेव्हा जमत नाही असं कंपन्यांनी सांगू नये. अंड्याच्या दोन भागांत पडदा घालून कायदा पार करण्याइतकी कल्पकता या धंद्यात आहे, तर त्यातली थोडी म्हाताऱ्या माणसाला ताक पिता यावं यासाठी खर्च करायला काय लागतं? पिझ्झासोबत मागितल्याशिवाय मूठभर सॉसच्या आणि ओरेगॅनोच्या पुड्या टाकायला पैसे आहेत. त्या पुड्या निम्म्या घरांत फ्रिजच्या दारात साचून शेवटी कचऱ्यात जातात.

मी ताकाच्या कंपनीला पत्र लिहिलंय. तीन गोष्टी मागितल्यात. खोक्यावर बाहेरून दिसेल असं छापा की नळी कागदाची आहे की कंपोस्ट होणारी. फॉइल सहज निघेल असं करा. आणि नवी नळी ठरवण्याआधी कंपवाताच्या, संधिवाताच्या, अर्धांगाच्या काही माणसांच्या हातात ती देऊन बघा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाला वेगळं लिहिलंय, मुलांच्या गोड खाऊसोबत खेळणं विकण्याबद्दल, चिलीच्या नियमाचा दाखला देऊन.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी कृपा करून आपापल्या खोक्यावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. मुडपलेल्या नळीचा फोटो काढा आणि खोक्यावरचा बॅच नंबर पत्रात आधीच टाका, कारण कंपनी पहिला प्रश्न बॅच नंबरचाच विचारते आणि तोवर खोकं घंटागाडीत गेलेलं असतं.